डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि किरणोत्साराचे आरोग्यशास्त्र

मालव्यातील मराठी घरांत मुंबईच्या परळचे नाव बहुधा दोन कारणांनी घेतले जाते. एक, तेथे स्थायिक झालेल्या आप्तेष्टांमुळे. आणि दुसरे, टाटा स्मारक रुग्णालयामुळे. देवास, सोनकच्छ किंवा आपल्या टोंकखुर्दच्या बाजूला एखाद्या घरी गाठीचे निदान झाले की प्रथम इंदूर आणि मग परळ, असा प्रवास ठरतो. तेथून परतलेल्या रुग्णाने लाईट घेतली, असे सांगितले जाते. या लाईट घेण्याविषयी घरोघरी नाना समज आहेत. लाईट घेतलेल्या माणसाजवळ लहान मुलांनी बसू नये, त्याचे ताट वेगळे ठेवावे, आत जाळणारा हा उपचार रोगापेक्षा वाईट, असे बोलले जाते. या भीतीपोटी काही रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडून परत येतात आणि त्याची किंमत प्राणाने मोजतात. दुसऱ्या बाजूस, जेथे खरोखर भ्यावे अशा जागी आपण अगदी निर्धास्त असतो. किरणांचे गुण कोणते, दोष कोणते आणि त्यांची सीमारेषा कोठे, हे शास्त्राच्या कसोटीवर जोखण्याच्या कामात ज्या भारतीयांनी प्रारंभीच्या काळात भाग घेतला, त्यांत एका मराठी डॉक्टरांचे नाव अग्रभागी येते. ते म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर. आपल्या वाचनालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित ठरेल.

डॉ. खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात झाला. योगायोग असा की त्याच वर्षी, ८ नोव्हेंबर रोजी, जर्मनीत विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये आंरी बेक्वेरेल यांना युरेनियममधून आपोआप बाहेर पडणारे किरण आढळले आणि १८९८ मध्ये मारी व पिएर क्यूरी या दांपत्याने रेडियम शोधून काढले. म्हणजे खानोलकरांचे बालपण आणि किरणविज्ञानाचे बालपण एकाच काळात गेले. त्या काळी किरणांविषयी जगात केवळ कौतुक होते. मांस भेदून हाडांचे चित्र दाखविणारा प्रकाश हा चमत्कारच वाटे. परंतु त्याचे मोल लवकरच वसूल होऊ लागले. अमेरिकेत एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या नळ्यांवर काम करणारे क्लॅरेन्स डॅली यांच्या हातांना व्रण पडले, हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांचा अंत झाला. युरोपातील कितीतरी क्ष-किरणतज्ज्ञांची बोटे झडली. १९३६ मध्ये हॅम्बुर्ग येथे या विज्ञानाच्या हुतात्म्यांचे स्मारक उभारण्यात आले, तेव्हा त्यावर कोरलेल्या नावांची संख्या दीडशेहून अधिक होती. स्वतः मारी क्यूरी यांचे ४ जुलै १९३४ रोजी निधन झाले. अस्थिमज्जेने रक्त निर्माण करणेच थांबविले होते.

खानोलकरांनी वैद्यकाचे उच्च शिक्षण इंग्लंडमध्ये घेतले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी विकृतिशास्त्र या विषयात संपादन केली. परदेशी पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरला मुंबईत दवाखाना थाटून धन आणि लौकिक मिळविणे तेव्हा अवघड नव्हते. खानोलकरांनी मात्र सूक्ष्मदर्शकाची वाट धरली. विकृतिशास्त्रज्ञ हा रुग्णाच्या उशाशी क्वचितच दिसतो. शरीरातून काढलेला ऊतीचा तुकडा, त्याचे केसाहून पातळ काप, त्यांवर चढविलेले रंग आणि त्यांतून वाचलेले रोगाचे रूप, हे त्याचे क्षेत्र. रुग्णाला त्याचे नावही ठाऊक नसते. पण शस्त्रक्रिया करावयाची की नाही, किरणोपचार द्यावयाचे की नाही, याचा निर्णय त्याच्या अहवालावर अवलंबून असतो. मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी त्यांनी या विषयाचे अध्यापन केले. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो, त्याचा पाया या अध्यापनाच्या वर्षांत घातला गेला. देशातील विकृतिशास्त्रज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांच्या संघटनेचे ते संस्थापक आणि पहिले अध्यक्षही होते.

त्यांच्या जीवनाला निर्णायक वळण मिळाले ते टाटा स्मारक रुग्णालयामुळे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. वर्षभरात दोराबजीही गेले. त्यांच्या संपत्तीतून स्थापन झालेल्या विश्वस्त निधीने पुढे परळ येथे कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार ही त्या काळातील कर्करोगाविरुद्धची दोनच खरी शस्त्रे होती. या रुग्णालयातील प्रयोगशाळा आणि संशोधन यांची धुरा खानोलकरांकडे आली.

येथे त्यांच्या विचारपद्धतीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. रोग झाला, तो ओळखला आणि उपचार केले, एवढ्याने त्यांचे समाधान होत नसे. हा रोग याच माणसाला, याच जागी का झाला, हा प्रश्न ते सोडत नसत. भारतातील कर्करोगाचा संबंध येथील राहणीशी आणि सवयींशी आहे, हे त्यांनी नोंदींच्या आधारे दाखविले. तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडातील कर्करोग, पेटते टोक तोंडात धरून चिरूट ओढणाऱ्यांच्या टाळूवरील कर्करोग, आणि धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षे घट्ट काचल्यामुळे तेथील त्वचेवर उद्भवणारा कर्करोग, यांचा त्यांनी अभ्यास केला. धोतराच्या कर्करोगावरील त्यांचा निबंध १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ होत राहणारा लहानसा आघात शेवटी पेशीचा स्वभाव बदलतो, ही गोष्ट त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली वारंवार पाहिली होती. किरणोत्साराच्या प्रश्नाकडे ते पुढे वळले तेव्हा ही दृष्टी त्यांच्यापाशी तयार होती. पन्नाशीच्या दशकात परळ येथेच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्याचे नेतृत्व त्यांनी केले आणि पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांच्यासारखे संशोधक त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडले. कुष्ठरोगावरही या केंद्रात महत्त्वाचे काम झाले.

दरम्यान जगावर नवेच संकट आले होते. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी येथे अणुबाँब पडले. स्फोटाच्या धक्क्यातून आणि आगीतून वाचलेली माणसे काही दिवस बरी दिसत आणि मग केस गळून, हिरड्यांतून रक्त येऊन, ताप भरून दगावत. दोन-तीन वर्षांनी वाचलेल्यांत रक्ताचा कर्करोग वाढू लागला आणि दशकभरानंतर इतर अवयवांचे कर्करोगही अधिक प्रमाणात दिसू लागले. पुढे १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. तिची राख कित्येक मैल दूर असलेल्या एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. नौकेवरील तेवीसही जण आजारी पडले आणि त्यांपैकी बिनतारी यंत्रचालकाचा सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. ज्यांचा युद्धाशी काहीच संबंध नाही अशांनाही हा धोका आहे, हे तेव्हा जगाला कळले. चाचण्यांतून वातावरणात मिसळणारे स्ट्राँशियम-९० हे द्रव्य कॅल्शियमसारखे वागते. गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत ते शिरते. पूर्वी घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकता रंग देणाऱ्या अमेरिकन मुलींनी कुंचला ओठांनी टोकदार करता करता जे विष हाडांत साठविले होते, त्याचीच ही व्यापक आवृत्ती होती.

या पार्श्वभूमीवर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३ डिसेंबर १९५५ रोजी अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी एक शास्त्रीय समिती नेमली. पंधरा सदस्य राष्ट्रांत भारताचा समावेश होता आणि भारताचे प्रतिनिधित्व डॉ. खानोलकरांनी केले. मायदेशी त्याच सुमारास ते अणुऊर्जा खात्याच्या जैविक व वैद्यकीय सल्लागार समितीचे अध्यक्षही होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. म्हणजे एकीकडे अणुशक्तीच्या युगात पाऊल टाकणारा देश आणि दुसरीकडे तिच्या दोषांची मोजदाद करणारी जागतिक समिती, या दोन्ही ठिकाणी त्यांना आपले शास्त्र प्रामाणिक ठेवावयाचे होते.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. चाचण्या करणारी बडी राष्ट्रे समितीवर होती. धोका क्षुल्लक आहे असे कोणाला हवे होते, तर तो अतोनात आहे असे दाखविण्यात कोणाला राजकीय लाभ होता. समितीने १९५८ मध्ये आपला पहिला विस्तृत अहवाल सादर केला. थोड्या मात्रेचेही काही दुष्परिणाम, विशेषतः आनुवंशिक स्वरूपाचे, संभवतात हे तिने मान्य केले. म्हणून लोकांवरील किरणांचा भार कमी करणारे प्रत्येक पाऊल हितावह आहे आणि त्यात अनावश्यक वैद्यकीय मारा टाळणे व अण्वस्त्रस्फोटांनी होणारे प्रदूषण थांबविणे या दोन्हींचा अंतर्भाव होतो, असा तिचा निष्कर्ष होता. दुसरा मोठा अहवाल १९६२ मध्ये आला आणि १९६३ मध्ये वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. हा करार घडण्यामागे अनेक कारणे होती. परंतु शास्त्रीय पुराव्याचा आधार नसता तर लोकमताला एवढे बळ आले नसते.

समितीच्या विचारार्थ भारताचा एक विषय विशेष महत्त्वाचा ठरला. केरळच्या किनाऱ्यावर, कोल्लमच्या उत्तरेस चवरा आणि नींडकरा भागात, मोनाझाइटची वाळू आहे. तिच्यात थोरियम असल्यामुळे तेथील जमीनच नैसर्गिकरीत्या किरण फेकते आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहत आले आहेत. अल्प मात्रा दीर्घकाळ मिळाली तर काय होते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी याहून योग्य जागा जगात थोड्याच असतील. तेथील लोकसंख्येचा अभ्यास पुढे अनेक दशके चालला. करुनागप्पल्ली तालुक्यातील कर्करोग नोंदणीवर आधारलेला २००९ मधील अभ्यास सांगतो की या नैसर्गिक किरणांमुळे तेथे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. हिरोशिमातून वाचलेल्यांच्या नंतर जन्मलेल्या संततीतही आनुवंशिक दोष वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. प्रारंभी जी भीती सर्वांत मोठी वाटली, ती माणसांत अद्याप प्रत्ययास आलेली नाही. कर्करोगाचा धोका मात्र खरा ठरला.

किरणांनी शरीरात नेमके काय घडते, हे थोडक्यात सांगणे अप्रस्तुत होणार नाही. किरण पेशीतील आनुवंशिक द्रव्याचे धागे तोडतात. थोडी तूटफूट पेशी स्वतः सांधते. सांधता आली नाही तर पेशी मरते, आणि चुकीची सांधली गेली तर वर्षानुवर्षांनी कर्करोगाचे बीज ठरू शकते. ज्या पेशी वेगाने विभागतात त्यांना इजा अधिक. म्हणून अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर आणि केसांची मुळे प्रथम बळी पडतात. कर्करोगाच्या पेशीही वेगाने विभागतात, आणि किरणोपचार याच तत्त्वावर उभा आहे. मात्रा ग्रे या एककात मोजतात. साऱ्या शरीराला एकाच वेळी एक ग्रेहून कमी मात्रा मिळाली तर बहुधा आजार उद्भवत नाही. उपचार न मिळाल्यास सुमारे चार ग्रेला निम्मी माणसे दोन महिन्यांत दगावतात. सहा ते दहा ग्रेच्या पुढे आतडे निकामी होते. प्रथम उलट्या, मग काही दिवस बरे वाटणे आणि त्यानंतर खरा आजार, असा त्याचा क्रम असतो. मधले बरे वाटणे फसवे असते. कर्करोगावरील उपचारात याहून कितीतरी मोठी एकूण मात्रा दिली जाते. परंतु ती फक्त गाठीच्या जागी आणि अनेक दिवसांत विभागून दिली जाते. म्हणूनच रुग्ण ती सोसतो. बाहेरून यंत्राने किरण घेतलेल्या रुग्णाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. त्याच्याजवळ नातवंडाने बसण्यात काहीही धोका नाही. अपवाद आहे तो पोटात किरणोत्सारी आयोडीन दिलेल्या किंवा अंगात किरणोत्सारी द्रव्य बसविलेल्या रुग्णांचा. त्यांना डॉक्टर स्वतःच काही दिवसांचे नियम सांगतात.

अपघाताने किरण लागल्यास उपचार आहेत का, असा प्रश्न विचारला जातो. खानोलकरांच्या काळात तो नुकताच पुढे येत होता. समितीचा पहिला अहवाल आला त्याच १९५८ सालच्या ऑक्टोबरात युगोस्लाव्हियातील विन्चा येथील अणुभट्टीत सहा जणांना मोठी मात्रा लागली. पॅरिसमध्ये डॉ. जॉर्ज माथे यांनी त्यांपैकी पाच जणांना दुसऱ्यांची अस्थिमज्जा दिली. एक जण गेला, बाकीचे वाचले. आज अशा रुग्णाला प्रथम जंतुसंसर्गापासून जपतात, प्रतिजैविके आणि रक्त देतात आणि पांढऱ्या पेशी वाढविणारी औषधे टोचतात. मज्जारोपण थोड्यांनाच लागते. किती मात्रा लागली याचा अंदाज लिंफ पेशी किती वेगाने घटतात यावरून आणि गुणसूत्रांच्या तपासणीवरून करतात. अंगावर किरणोत्सारी धूळ पडली असेल तर कपडे काढून टाकणे आणि साबणाने स्वच्छ स्नान करणे, हा पहिला आणि स्वस्त उपाय आहे. पोटात सीझियम गेले असेल तर प्रशियन निळा हा रंग औषध म्हणून देतात. तो सीझियमला आतड्यात धरून मळावाटे बाहेर काढतो. ऊतीतील लोह ओळखण्यासाठी विकृतिशास्त्रज्ञ काचपट्टीवर जो निळा रंग उमटवितात, तो हाच. प्लुटोनियमसारख्या धातूंसाठी डीटीपीए हे औषध शिरेतून देतात. आयोडीनची गोळी केवळ गळ्यातील अवटु ग्रंथीचे रक्षण करते, तेही किरणोत्सारी आयोडीन शरीरात जाण्यापूर्वी किंवा त्यानंतर लगेच घेतली तरच. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर पोलंडने लाखो मुलांना ती दिली. बेलारूस आणि युक्रेनमधील अनेक मुलांना मात्र पुढे या ग्रंथीचा कर्करोग झाला. पेशीत एकदा झालेली दूरगामी इजा पुसून टाकणारे औषध मात्र आजही नाही. म्हणून प्रतिबंध हाच मुख्य उपाय राहतो.

या प्रतिबंधाचा आपल्या गावांशी संबंध आहे. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात बंद पडलेल्या रुग्णालयातील किरणोपचाराचे यंत्र भंगारात गेले. आतली चमकती निळसर भुकटी लोकांनी कौतुकाने घरी नेली आणि चार जणांचा अंत झाला. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागात एका विद्यापीठातील जुने उपकरण भंगारात आले. त्यातील कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा मृत्यू झाला आणि आणखी काही जण गंभीर आजारी पडले. भंगाराचा व्यवसाय टोंकखुर्दपासून इंदूरपर्यंत सर्वत्र चालतो. तीन पाकळ्यांचे किरणोत्साराचे चिन्ह असलेली किंवा आकाराच्या मानाने अतिशय जड अशी अनोळखी पेटी दिसली तर ती फोडू नये, दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे, एवढे ज्ञान प्रत्येक वाचकाने आपल्या परिसरात पोहोचविले तर एखादा जीव वाचेल. भ्यायचे ते येथे. छातीच्या एका क्ष-किरण चित्राची मात्रा निसर्गातून काही दिवसांत मिळणाऱ्या मात्रेएवढीच असते. तिला भिण्याचे कारण नाही, मात्र विनाकारण ती घेण्याचेही कारण नाही.

उत्तरायुष्यात डॉ. खानोलकरांना अनेक मानसन्मान लाभले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि नंतर राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. टाटा रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र झाले. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे कसे, असे नवख्याला नवल वाटते. किरणांच्या दोन्ही बाजू एका छताखाली याव्यात, हा त्यामागील अर्थ खानोलकरांचे चरित्र वाचल्यावर उमगतो. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. नवी मुंबईतील खारघर येथे या केंद्राचा संशोधन विभाग आहे. तेथील एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव देण्यात आले आहे.

त्यांच्या जीवनातून आपण काय घ्यावे? त्यांनी किरणांची महती गायिली नाही आणि त्यांचा बागुलबुवाही केला नाही. किती मात्रा, कोणाला, किती काळ आणि कशासाठी, हे प्रश्न त्यांच्या शास्त्राने विचारले आणि नोंदींतून उत्तरे शोधली. अफवा आणि अज्ञान यांपुढे वाचनालयासारखी संस्था हेच काम करीत असते. आपल्या वाचनालयाच्या एखाद्या सभासदाच्या शेजारी उद्या कोणी परळहून परत आला आणि त्याचे ताट वेगळे मांडले गेले, तर त्या सभासदाने त्याच्या पंक्तीला जाऊन बसावे. डॉ. खानोलकरांच्या स्मृतीस याहून योग्य आदरांजली दुसरी नाही.